पुण्यात गोठणारं दंव (फ्रॉस्ट) पडत नाही, मग पॅन्सीचं बी कधी टाकायचं?

प्रश्न विचारणाऱ्या ताई बावधनला सहाव्या मजल्यावर राहतात. पूर्वेला ऐसपैस गॅलरी आहे. त्यांनी पॅन्सी, डॉग फ्लॉवर, लार्कस्पर आणि स्वीट पी या थंडीतल्या फुलांचं बी ऑनलाइन मागवलं. पाकिटांवर छापलं होतं, ‘शेवटच्या दंवाच्या आठ ते दहा आठवडे आधी घरात पेरा.’ परदेशातल्या व्हिडिओंत लोक फेब्रुवारीत बी टाकताना दिसले, म्हणून त्यांनीही फेब्रुवारीत टाकलं. उगवलं छान, पण एप्रिलमध्ये एकेक रोप मान टाकत गेलं. आता कुणी सांगतंय गणपती उठले की टाका, कुणी दसरा म्हणतंय, कुणी दिवाळीनंतर. त्यांनी विचारलंय, पुण्याची दंवाची तारीख कोणती धरायची?

ताई, ती तारीख शोधूच नका. पुण्यात आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान १.७ अंश आहे, तेही जानेवारी १९३५ मधलं. एरवी शिवाजीनगरला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान अकरा-बारा अंश असतं. एखादी थंडीची लाट आली की सहा-सातपर्यंत उतरतं आणि वर्तमानपत्रात पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो येतो. नीट सरावलेलं पॅन्सीचं रोप शून्याखालीही काही अंश तग धरतं. तेव्हा तुमची रोपं थंडीने गेली नाहीत आणि पुण्यात ती थंडीने जाणारही नाहीत. ती उन्हाने गेली. तुमचा खरा प्रश्न असा आहे की, थंडी सोसणारी पण उन्हाला कच्ची असलेली फुलं गरम गावात कुठल्या दिवसांत बसवायची?

आधी ती दंवाची तारीख म्हणजे काय, ते सांगते, कारण पाकिटावरची सूचना चुकीची नाही. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमिनीतली ऊब निघून जाते, पानांवरची ओल गोठते आणि कोवळ्या पेशी फुटतात. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हे दिसतं. हवेचं तापमान शून्याच्या वर असतानाही गवतावर पांढरा थर धरतो, कारण थंड जड हवा सखल जागी साठते. थंड देशांत जुन्या नोंदींवरून प्रत्येक गावाची शेवटच्या दंवाची सरासरी तारीख काढतात. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत मे महिन्यापर्यंत दंवाची धास्ती असते. तिथून आठ-दहा आठवडे मागे मोजलं की मार्चचा सुमार येतो. तोवर घरात उबेला रोप तयार होतं, वसंतात बाहेर जातं आणि पंधरा-वीस अंशांच्या दिवसांत फुलतं. तिकडे कडक हिवाळ्यात दिवस आठ तासांपर्यंत आखडतो आणि रोपाची वाढ जवळजवळ थांबते, म्हणूनही ते लोक वसंताची वाट पाहतात. पुण्यात सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास असतो. आपली रोपं डिसेंबर-जानेवारीतही वाढत राहतात. त्यांना वाट पाहायला लावायचं काही कारणच नाही.

त्या लोकांना वसंतात जी हवा मिळते, तीच या फुलांना हवी असते. पुण्यात तशी हवा साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मिळते. तीही पुरती तशी नाही, कारण आपल्याकडे जानेवारीतही दुपारी तापमान तिशीला टेकतं. आपल्याकडच्या हिवाळी फुलांना तारून नेतात त्या रात्री. रात्र थंड असली की रोप दिवसभरात कमावलेलं अन्न श्वसनात कमी खर्च करतं आणि उरलेलं कळ्यांना जातं. रात्र वीस अंशांवर राहू लागली की हा हिशेब बिघडतो. फूल लहान होतं, देठ लांबतो, मग रोप पिवळं पडून बसकण मारतं. मार्चमध्ये पुण्याचं दुपारचं सरासरी तापमान पस्तीसच्या घरात जातं. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही म्हण पॅन्सीच्या बाबतीत तंतोतंत खरी आहे.

म्हणून मी पाकिटावरचे आठवडे जसेच्या तसे घेते, फक्त ते मोजायला वेगळ्या दिवसापासून सुरुवात करते. आमच्या रोपवाटिकेत पहिल्या बहराचा दिवस आधी ठरतो. बहुतेक गिऱ्हाइकांना नाताळच्या सुमारास कुंड्या भरलेल्या हव्या असतात. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या आसपास एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, तिथे कुंड्या ठेवणाऱ्यांना त्या वेळी ऐन बहर हवा असतो. पॅन्सीला बी टाकल्यापासून फुलायला बारा आठवडे लागतात. नाताळातून बारा आठवडे मागे गेलं की ऑक्टोबरचा पहिला आठवडा येतो. डॉग फ्लॉवर त्याहून संथ आहे, त्याला चौदा-पंधरा आठवडे धरा. पिटुनिया आणि डायन्थसला दहा ते बारा, कॅलेंड्युला आणि फ्लॉक्सला आठ ते दहा, अ‍ॅलिसमला तर सहाच पुरतात. तुमच्या फेब्रुवारीच्या बियांना हेच बारा आठवडे लावून बघा, मे महिना येतो. पुण्याच्या मे महिन्यात पॅन्सी फुलत नाही.

इथवर हिशेब सोपा आहे. अडचण अशी की, बी टाकायचा नेमका तो काळ पुण्यात सर्वांत अवघड असतो. पाऊस सरतो न सरतो, दमट उकाडा असतो, मग ऑक्टोबर हीट. पॅन्सीचं बी वीस अंशांच्या आत-बाहेर उत्तम उगवतं आणि पंचवीसच्या वर चढलं की रुसतं. बी खराब नसतं, गरम मातीत ते झोपूनच राहतं. दुसरीकडे, थंडी पडेपर्यंत थांबावं तर पहिलं फूल दिसायला फेब्रुवारी उजाडतो आणि दोन-तीन आठवड्यांत ऊन दारात उभं राहतं. उशिरा टाकलेलं बी जोमाने उगवतं, पण बहर कापला जातो. लवकर टाकलेल्यातलं काही उगवतच नाही, पण जे उगवतं ते दोन महिने फुलतं. मी नेहमी लवकर टाकते, बी थोडं जास्त घेते आणि उगवण थंड जागी करते.

ती थंड जागा घरातच असते. अठ्ठ्याण्णव खणांचा प्रो-ट्रे, म्हणजे रोपं तयार करायचा प्लास्टिकचा ट्रे, घ्या. दोन भाग भिजवून निथळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत भरा. मिश्रण मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. प्रत्येक खणात काडीच्या टोकाने पॅन्सीचं एकेक बी ठेवा आणि दिसेनासं होईल इतकंच मिश्रण वर भुरभुरवा. झारीने पाणी घालू नका, बी वाहून जातं. फवाऱ्याने धुकं सोडा. आता ट्रेवर ओलं गोणपाट किंवा वर्तमानपत्र टाका आणि घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, उत्तरेच्या खिडकीखाली फरशीवर किंवा ऊन न येणाऱ्या न्हाणीघरात ठेवा. सहाव्या दिवसापासून रोज सकाळी झाकण उचलून बघायचं. वाकलेली पांढरी मान दिसली की त्याच दिवशी ट्रे उजेडात हलवायचा. एक दिवस जरी अंधारात राहिली तरी रोपं सुतासारखी लांबतात आणि पुढे कधीच बुटकी-भरदार होत नाहीत. डॉग फ्लॉवर आणि पिटुनियाचं मात्र उलटं आहे. त्यांना उगवायलाच उजेड लागतो, तेव्हा ते बी झाकू नका. पिटुनियाचं बी एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास भरतं. ते चिमूटभर कोरड्या वाळूत मिसळून वरून भुरभुरवा आणि ट्रेवर काच किंवा पारदर्शक प्लास्टिक ठेवा.

या दिवसांत सर्वांत जास्त रोपं जातात ती कोलमडून. काल ताठ असलेलं रोप आज आडवं दिसतं. जवळून पाहिलं तर मातीलगतचं देठ पाणी सुटल्यासारखं आणि दोऱ्याइतकं बारीक झालेलं असतं, वरची पानं मात्र हिरवीच. ही बुरशी आहे. दमट हवा, दाट पेरणी आणि संध्याकाळी घातलेलं पाणी तिला पोसतं. एक रोप पडलं की शेजारची आठ-दहा रोपं तिने धरलेली असतात, म्हणून तेवढा भाग मिश्रणासकट काढून टाका. उरलेल्यांना कॉपर ऑक्सिक्लोराइडचं पाणी, लिटरला अडीच ग्रॅमने, मुळाशी द्या. त्याहून चांगलं म्हणजे आधीच मिश्रणात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळा. दोन्ही एकदम मात्र करू नका, कारण तांब्याचं औषध ट्रायकोडर्मालाही मारतं.

आता गणपती, दसरा की दिवाळी, त्याबद्दल. दसऱ्याचा सल्ला देणारी माणसं खोटं सांगत नाहीत, पण सण चंद्रावर चालतो आणि रोप सूर्यावर. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ मध्ये अधिक महिना आल्यामुळे तो २० ऑक्टोबरला येतो. पॅन्सीच्या हिशेबात अठरा दिवस म्हणजे जवळजवळ तीन आठवड्यांचा बहर. शेतकरी नक्षत्रं धरतात, ती सूर्याची असल्यामुळे तारखा हलत नाहीत. हस्त सप्टेंबरच्या शेवटी लागतो आणि १० ऑक्टोबरच्या सुमारास संपतो, मग चित्रा, मग २४ ऑक्टोबरच्या आसपास स्वाती. मी अशी कामं लावते: संथ वाढणारी फुलं हस्तात, पण आडोशाखाली, मधल्या वेगाची चित्रात, थेट जमिनीत किंवा कुंडीत टाकायची ती स्वातीत आणि त्यानंतर. हस्ताचा पाऊस बेभरवशाचा असतो, आणि हल्ली तर चित्रातही सुटका नाही. २०२० आणि २०२२ मध्ये ऑक्टोबरच्या मध्यावर पुण्यात धुवांधार पाऊस झाला. उघड्यावरचे ट्रे अशा एका संध्याकाळी रिकामे होतात. पत्र्याखाली, छज्जाखाली, जिथे वरून थेंब पडणार नाही पण उजेड असेल, तिथेच ट्रे ठेवायचे.

तुमच्या चारपैकी दोन फुलं ट्रेमध्ये टाकायचीच नाहीत. लार्कस्परचं सोटमूळ खोल जातं आणि हलवलेलं त्याला चालत नाही. त्याचं बी दहा ते पंधरा अंशांच्या गारव्यात, अंधारात उगवतं. पुण्यात इतका गारवा मातीला लवकर येत नाही, म्हणून बी दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात थेट मोठ्या कुंडीत टाकते. पाव इंच मातीखाली टाकून वर पालापाचोळ्याचा पातळ थर देते आणि पहिले अंकुर दिसले की तो काढते. स्वीट पीचं बी मटारासारखं, टणक सालीचं असतं. रात्रभर भिजवा. सकाळी जी बियाणं फुगली नसतील त्यांच्या सालीवर डोळा सोडून दुसऱ्या बाजूला नेलकटरने हलका छेद द्या आणि पुन्हा भिजवा. कुंडी किमान बारा इंच खोल हवी. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण मोकळी असताना टाका, चिखलात बी कुजतं. आधाराला दोरी किंवा जाळी पेरतानाच बांधून ठेवा, नंतर मुळं दुखावतात. स्वीट पी मी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात टाकते, म्हणजे जानेवारीच्या मध्यावर वासाने गॅलरी भरते. या एका फुलासाठी बाकी सगळा खटाटोप करावा, असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं सांगताना एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. पुणे एक असलं तरी इथली थंडी एकसारखी नाही. पाषाण आणि एनडीएच्या बाजूला रात्री शिवाजीनगरपेक्षा गार असतात, तर मगरपट्टा, वडगाव शेरी, चिंचवड इथे किमान तापमान बऱ्याचदा काही अंशांनी वर राहतं. रोजच्या बातमीत ‘पुण्याचं तापमान’ म्हणून जो आकडा येतो, तो शिवाजीनगरच्या वेधशाळेचा, म्हणजे शिमला ऑफिसचा असतो. तुम्ही बावधनला आहात, डोंगराच्या कुशीत, तेव्हा तुमच्या रात्री बऱ्यापैकी गार असणार. पण सहावा मजला आहे. गार हवा खाली साठते, आणि दिवसभर तापलेली स्लॅब रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. त्यामुळे बातमीतल्या आकड्यावर विसंबू नका. किमान-कमाल दाखवणारा साधा तापमापक गॅलरीत, उन्हापासून आडोशाला टांगा आणि ऑक्टोबरपासून रोज सकाळी बघा. किमान तापमान सलग आठवडाभर वीसच्या खाली राहिलं की ट्रेमधली रोपं बाहेर काढायला हरकत नाही. सतराच्या खाली आलं की लार्कस्पर टाका. हे आकडे माझ्या अनुभवातले आहेत. दोन हिवाळे लिहून ठेवलंत की तुमच्या गॅलरीचे तुमचे स्वतःचे आकडे तयार होतील.

गॅलरी पूर्वेची आहे, हे तुमचं भाग्य. हिवाळी फुलांना सकाळचं चार-पाच तास ऊन मिळालं आणि दुपारी सावली पडली, की पुण्यात याहून चांगली जागा नाही. पश्चिमेची गॅलरी असेल त्यांनी हंगाम दोन्हीकडून पंधरा-पंधरा दिवस कमी धरावा किंवा पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी लावावी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात वादळ झालं की चार-पाच दिवस ढगाळ हवा येते आणि रात्रीचं तापमान एकदम अठरा-वीसवर जातं. त्याने रोप बिघडत नाही, बहर थोडा पुढे सरकतो इतकंच. पण स्वीट पीवर भुरी (पांढरी बुरशी) आणि नॅस्टर्शियमवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) याच दिवसांत येतो, तेव्हा पानांची खालची बाजू पाहत राहा.

रोप ट्रेमधून कुंडीत कधी हलवायचं? चार-पाच खरी पानं आली आणि खणाच्या तळातून बोटाने ढकलल्यावर मुळांसकट गड्डा अखंड बाहेर आला, की वेळ झाली. पॅन्सीच्या बाबतीत ती साधारण नोव्हेंबरच्या मध्यावर येते. हलवण्याआधी आठवडाभर पाणी थोडं ताणा आणि ऊन रोज तासाभराने वाढवा. लावणी संध्याकाळी करा. डॉग फ्लॉवरला चार जोड्या पानं झाली की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात. मात्र खुडलं की फूल दोन आठवडे लांबतं. ऑक्टोबरनंतर टाकलेल्या डॉग फ्लॉवरचा शेंडा मी खुडत नाही. एकच तुरा येईल, पण थंडीत येईल.

आणि उशीर झालाच तर? पॅन्सी, पिटुनिया आणि डॉग फ्लॉवरचं बी नोव्हेंबरच्या मध्यानंतर टाकू नये. कॅलेंड्युला, फ्लॉक्स, नॅस्टर्शियम नोव्हेंबर अखेरपर्यंत चालतात, अ‍ॅलिसम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातही. त्यानंतर सरळ तयार रोपं आणा. उरुळी कांचनच्या बाजूच्या रोपवाटिकांत डिसेंबरभर मिळतात. आणताना फुलांनी लदलेलं रोप घेऊ नका. कळ्या असलेलं, बुटकं, बुडाशी फुटवे असलेलं घ्या. नाताळपर्यंत लावलं तर पैसे वसूल होतात. जानेवारीच्या शेवटी स्वस्तात मिळतात म्हणून ट्रे भरून आणणारी मंडळी दरवर्षी भेटतात. त्यांना मी सांगते, याच पैशात झिनिया आणि पोर्तुलाका लावा, ती उन्हाची फुलं आहेत.

फेब्रुवारीच्या मध्यापासून पॅन्सीची फुलं रोज सकाळी नीट बघा. फुलाची रुंदी रुपयाच्या नाण्याकडे झुकू लागली आणि देठ पानांच्या बराच वर चढला, की ऊन पोचलं. तेव्हा कुंड्या भिंतीच्या आतल्या बाजूला सरकवा, सुकलेली फुलं देठासकट खुडा, पाणी सकाळी लवकर द्या. आणखी दोन-तीन आठवडे मिळतात. रासायनिक खत वाढवून उपयोग होत नाही, उलट मऊ पालवी फुटून मावा येतो.

तुमच्यासाठी या वर्षीचं नेमकं वेळापत्रक सांगते. गणपती कधी उठतात ते पाहून बी टाकू नका, तारीख पाहा. आधी ट्रे, कोकोपीट आणि तापमापक आणून ठेवा आणि लार्कस्परचं पाकीट ऑक्टोबरच्या मध्यावर फ्रिजमध्ये जाऊ द्या. डॉग फ्लॉवर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, पॅन्सी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, दोन्ही आडोशाखाली. यातलं एक तृतीयांश बी राखून ठेवा आणि पावसाने किंवा बुरशीने दगा दिला तर २० ऑक्टोबरच्या सुमारास टाका. स्वीट पी ऑक्टोबरच्या शेवटी, लार्कस्पर नोव्हेंबरच्या सुरुवातीला. गेल्या फेब्रुवारीतलं उरलेलं बी उन्हाळाभर कपाटात राहिलं असेल तर आधी उगवण तपासा. ओल्या कागदी रुमालात पॅन्सीच्या वीस बिया गुंडाळा, डबीत घालून गार जागी ठेवा आणि दोन आठवड्यांनी मोजा. दहाच्या आत उगवल्या तर नवीन पाकीट मागवा, आणि ते आत्ताच मागवा. ऑक्टोबरमध्ये चांगले वाण संपलेले असतात.